वय ४६, स्कोअर १८: केमो द्यायची की नाही? २१ जनुकांच्या चाचणीभोवतीच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सुनंदाताई ४६ वर्षांच्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवणं हा त्यांचा व्यवसाय. घरात नवरा, २१ वर्षांची मुलगी, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. पाळी नियमित. डाव्या स्तनाच्या वरच्या, बाहेरच्या भागात गाठ हाताला लागली. मॅमोग्राफीत बायरॅड्स ५ (म्हणजे कर्करोगाची दाट शक्यता) आलं आणि सोनोग्राफीत गाठ १.८ सेंमी भरली.

कोअर बायोप्सीत (जाड सुईने काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीत) इन्व्हेसिव्ह कार्सिनोमा, म्हणजे आजूबाजूच्या ऊतीत शिरलेला कर्करोग निघाला, ग्रेड २ (पेशी किती बिघडल्या याची १ ते ३ अशी प्रतवारी). ईआर आणि पीआर म्हणजे पेशींवरचे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हॉर्मोनचे ग्राहक; ईआरचा ऑलरेड स्कोअर ८ पैकी ८, पीआरचा ८ पैकी ७. हर-२ (पेशींची वाढ वेगाने करणारं प्रथिन) दोन प्लस, म्हणजे संदिग्ध आल्यामुळे फिश ही खात्रीची तपासणी केली, ती निगेटिव्ह. केआय-६७, म्हणजे विभाजनात असलेल्या पेशींचं प्रमाण, १४ टक्के. थोडक्यात, हॉर्मोनवर पोसणारा आणि हर-२ नसलेला कर्करोग. स्तनाच्या कर्करोगात हाच प्रकार सर्वाधिक आढळतो, आणि केमोची खरी गरज कोणाला हा प्रश्नही याच प्रकारात सगळ्यात अवघड असतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी लुम्पेक्टॉमी (स्तन वाचवून फक्त गाठ काढणं) आणि सेंटिनल नोड बायोप्सी (काखेतल्या पहिल्या ग्रंथींची तपासणी) झाली. काखेतल्या ३ ग्रंथी तपासल्या, तिन्ही स्वच्छ होत्या. कडा मोकळ्या, लसिकावाहिन्यांत शिरकाव नाही. मात्र या अहवालातल्या तीन नोंदी बायोप्सीशी आणि सोनोग्राफीशी जुळेनात. गाठीचा आकार २.४ सेंमी लिहिला होता, पीआर ७ वरून ३ वर आला होता आणि केआय-६७ १४ वरून २८ टक्क्यांवर गेला होता.

समस्या

पहिल्या कॅन्सरतज्ज्ञांचा सल्ला सरळ होता: वय कमी आहे, गाठ दोन सेंटिमीटरच्या वर आहे, केआय-६७ जास्त आहे, केमोच्या चार सायकल घेऊन टाका. योजलेली औषधं डोसीटॅक्सेल ७५ मिग्रॅ आणि सायक्लोफॉस्फमाइड ६०० मिग्रॅ दर चौरस मीटरला, दर २१ दिवसांनी. दुसऱ्या तज्ज्ञांनी सांगितलं की गाठीची जनुकीय चाचणी करा, कदाचित केमो टळेल.

घरात यावरून दोन तट पडले. दीर म्हणाले, ‘पैसे लागले तर लागू देत, टेस्ट करू.’ नवऱ्याला वाटत होतं की चाचणीचे काही लाख खर्चून शेवटी केमो घ्यावीच लागली तर काय उपयोग. सुनंदाताईंची काळजी वेगळी होती. डोसीटॅक्सेलने बोटांच्या टोकांना बधिरपणा येऊ शकतो हे त्यांना कळलं होतं, आणि सुईत दोरा ओवता न येणं म्हणजे धंदा बंद.

मुलीचा प्रश्न आणखी निराळा: ‘ही जीनची टेस्ट आईची केली की मला कॅन्सर होणार का ते कळेल ना?’ हा गोंधळ बहुतेक घरांत होतो, म्हणून तो आधी सोडवावा लागतो. आनुवंशिक दोष शोधणारी बीआरसीए-१, बीआरसीए-२ वगैरेंची चाचणी रक्तावर होते, आणि तिचं उत्तर लेकीबाळींनाही लागू पडतं. इथे चर्चेत असलेली चाचणी काढलेल्या गाठीच्या पेशींवर होते. त्या पेशींत कोणती जनुकं किती जोरात काम करताहेत ते मोजून, आजार शरीरात इतरत्र जाऊन उगवण्याचा धोका ती सांगते. मुलीबद्दल ती काहीच सांगत नाही. ५० वर्षांच्या आत कर्करोग झालेल्या स्त्रीला रक्ताची आनुवंशिक तपासणी सुचवायलाच हवी. ती इथे ऑपरेशननंतर, प्रकरण ट्यूमर बोर्डापुढे (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीपुढे) गेल्यावर झाली आणि निगेटिव्ह आली.

बोर्डापुढचा प्रश्न मात्र चाचणी करायची की नाही एवढाच नव्हता. या वयात, पाळी सुरू असताना, कोणता निकाल आला तर कोणता उपचार बदलणार, याचं उत्तर कोणाकडेच तयार नव्हतं.

चाचणी काय मोजते, आणि ४६ व्या वर्षी ती कुठे अडते

ऑन्कोटाइप डीएक्स नावाने ओळखली जाणारी चाचणी २१ जनुकं मोजते. १६ जनुकं कर्करोगाशी संबंधित असतात आणि ५ तुलनेसाठी. १६ पैकी सगळ्यात जास्त वजन पेशी विभाजनाशी निगडित पाच जनुकांच्या गटाला आहे, ज्यात केआय-६७, सर्व्हायव्हिन, सायक्लिन बी-१ येतात. हा गट चढला की स्कोअर चढतो. ईआर, पीआर, बीसीएल-२ यांचा गट चढला की स्कोअर उतरतो. निकाल ० ते १०० मध्ये येतो.

टेलरएक्स या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली आले. काखेत आजार नसलेल्या, हॉर्मोन-पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह स्त्रियांपैकी ११ ते २५ स्कोअर असलेल्या ६,७११ जणींना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत विभागलं होतं: एकात फक्त हॉर्मोन उपचार, दुसऱ्यात केमो आणि हॉर्मोन. ९ वर्षांनी दूरच्या अवयवांत आजार न पसरलेल्या स्त्रिया पहिल्या गटात ९४.५ टक्के होत्या, दुसऱ्यात ९५ टक्के. बहुसंख्य स्त्रियांसाठी प्रश्न तिथेच मिटला.

पन्नाशीच्या आतल्यांसाठी मिटला नाही. त्यांच्यात १६ ते २० स्कोअरला केमोमुळे ९ वर्षांत दूरचा पुनरुद्भव (दूरच्या अवयवांत आजार परतणं) शंभरात सुमारे १.६ ने कमी दिसला, आणि २१ ते २५ स्कोअरला ६.५ ने. यात मोठी मेख अशी की केमोमुळे या वयात अंडाशय झोपतात, पाळी थांबते. फायदा कर्करोगाच्या पेशी मारल्यामुळे झाला की इस्ट्रोजेन बंद पडल्यामुळे, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. अभ्यासातल्या फारच थोड्या तरुण स्त्रियांना अंडाशय थांबवणारी इंजेक्शनं मिळाली होती.

७० जनुकांच्या मॅमाप्रिंट चाचणीतही वयाचा हाच अडसर आहे. मिंडॅक्ट अभ्यासात आकार, ग्रेड अशा वैद्यकीय बाबींवरून धोका जास्त पण जनुकांवरून कमी ठरलेल्या स्त्रियांत, पन्नाशीच्या आतल्यांमध्ये ८ वर्षांनी आजार दूर न पसरलेल्यांच्या प्रमाणात केमोसह ९३.६ आणि केमोविना ८८.६ टक्के असा फरक दिसला. पन्नाशीच्या पुढे तो जवळपास नाहीसा झाला. चाचणी बदलली म्हणून वयाचा प्रश्न सुटत नाही.

टेलरएक्सच्या २०१९ सालच्या विश्लेषणातली एक गोष्ट या प्रकरणात कळीची ठरली. त्यात स्कोअरसोबत गाठीचा आकार आणि ग्रेड घेतले होते. ग्रेड १ आणि ३ सेंमीपर्यंत, ग्रेड २ आणि २ सेंमीपर्यंत, ग्रेड ३ आणि १ सेंमीपर्यंत असेल तर वैद्यकीय धोका कमी; त्यापुढे जास्त. ५० आणि त्याखालच्या वयात, मधल्या स्कोअरवर, फक्त हॉर्मोन उपचार घेतलेल्यांत ९ वर्षांनी दूरच्या पुनरुद्भवाचं प्रमाण कमी धोक्याच्या गटात ४.७ टक्के होतं आणि जास्त धोक्याच्या गटात १२.३ टक्के.

सुनंदाताईंची गाठ ग्रेड २ ची. सोनोग्राफीचे १.८ सेंमी धरले तर त्या पहिल्या गटात, ऑपरेशनच्या अहवालातले २.४ सेंमी धरले तर दुसऱ्यात.

विचारात घेतलेले पर्याय

चाचणी न करता केमो. सरकारी योजनेतून केमोचा खर्च निघत होता, चाचणीचा निघत नव्हता. पैशाच्या दृष्टीने हा सगळ्यात सोपा रस्ता. पण लाभ कदाचित शंभरात एक-दोन आणि त्रास शंभरातल्या बहुतेकींना, असं असताना ‘योजनेत बसतं’ हे कारण पुरेसं ठरत नाही.

चाचणी न करता, केमो न देता अंडाशय थांबवून हॉर्मोन उपचार. बायोप्सीवर ईआर-पीआर भक्कम असल्याने हा पर्याय अगदीच चुकीचा नव्हता. पण २८ टक्के केआय-६७ नुसतं बाजूला सारता येत नव्हतं. केआय-६७ हा आकडा ५ टक्के वा त्याखाली किंवा ३० टक्के वा त्यावर असेल तरच त्याच्या भरवशावर निर्णय घ्यावा, असं या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचं मत आहे. मधल्या पट्ट्यात एकाच स्लाइडवर दोन प्रयोगशाळा दोन आकडे देतात. १४ आणि २८ दोन्ही त्याच पट्ट्यातले.

बंगळुरूची कॅनअसिस्ट ब्रेस्ट. ही जनुकं मोजत नाही. सीडी-४४, एबीसीसी-४, एबीसीसी-११, एन-कॅडहेरिन आणि पॅन-कॅडहेरिन ही पाच प्रथिनं स्लाइडवर रंगवून, त्यांत आकार, ग्रेड आणि ग्रंथींची माहिती मिसळून १ ते १०० स्कोअर देते. १५.५ पर्यंत कमी धोका, त्यावर जास्त. परदेशी चाचणीपेक्षा बरीच स्वस्त, आणि भारतीय रुग्णांच्या गाठींवर पारखलेली. बोर्डातल्या दोघांचा कल हिच्याकडे होता. अडचण दोन ठिकाणी होती. निकालात आकार धरलेला असतो, आणि आकारच वादात होता. शिवाय ती धोका सांगते. केमोने तो धोका किती उतरेल हे चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासातून तपासलेलं नव्हतं. रजोनिवृत्ती झालेल्या, काठावरच्या रुग्णाला हीच चाचणी पुरली असती. ४६ व्या वर्षी बोर्डाला केमोच्या लाभाचे आकडे हवे होते.

२१ जनुकांची चाचणी. महाग, परदेशी, निकालाला आठवडे लागणारी. पण १६ ते २५ या पट्ट्याबद्दल याच वयाच्या स्त्रियांचे आकडे फक्त तिच्यामागे होते.

केलेली कार्यवाही

बोर्डाने नमुना पाठवण्याआधी फाइलवर चार ओळी लिहिल्या आणि त्या सुनंदाताईंना, त्यांच्या नवऱ्याला, मुलीला वाचून दाखवल्या. स्कोअर १५ पर्यंत आला तर केमो नाही. १६ ते २० आला आणि वैद्यकीय धोका कमी ठरला तर केमो नाही, अंडाशय थांबवायचे. १६ ते २० पण धोका जास्त, तर दोन्ही पर्याय मांडायचे आणि बोर्डाचा कल केमोकडे आहे हे स्पष्ट सांगायचं. २१ किंवा त्याच्या वर गेला तर केमोचा सल्ला. सोबत एक तारीखही लिहिली: ऑपरेशनपासून ४५ व्या दिवसापर्यंत अहवाल आला नाही तर हातातल्या माहितीवर निर्णय. ऑपरेशननंतर केमो सुरू व्हायला ९० दिवसांहून जास्त गेले तर निकाल बिघडतात, आणि केमो ठरली तर रेडिएशन तिच्यानंतर असतं. म्हणून आधीच सीमा आखली.

हे आधी लिहिणं फार महत्त्वाचं आहे. आकडा हातात आल्यावर प्रत्येकजण त्याला आपल्या आधीच्या मताकडे ओढतो. केमो हवी असलेल्याला १८ हा २१ च्या जवळचा वाटतो, नको असलेल्याला १५ च्या.

त्यानंतर प्रश्न होता कोणता ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) पाठवायचा. मोठ्या गाठीचा ब्लॉक उचलून पाठवणं ही नेहमीची पद्धत. इथे पॅथॉलॉजिस्टने ऑपरेशनच्या स्लाइड पुन्हा काढून पाहिल्या. गाठीच्या मध्यभागातल्या कापांत कर्करोगाच्या पेशींबरोबर शेजारच्या निरोगी दुग्धनलिकाही पीआरला फिक्या रंगल्या होत्या. निरोगी नलिका ही स्लाइडवरचीच कसोटी असते; ती नापास झाली तर गाठीच्या पीआरवर विश्वास ठेवता येत नाही. चौकशी केल्यावर कारण उलगडलं. काढलेला भाग न चिरता, अख्खाच्या अख्खा, जेमतेम बुडेल इतक्या फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवून गाडीने शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला होता. फॉर्मलिन आत मुरायला वेळ लागतो. बाहेरचा थर टिकला, मधला भाग तोपर्यंत सडायला लागला होता.

नियम साधा आहे. स्तनातून भाग बाहेर आला की तासाभराच्या आत, ५ ते १० मिमी जाडीचे काप देऊन, भागाच्या दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये तो बुडाला पाहिजे. ६ तासांपेक्षा कमी नाही, ७२ तासांपेक्षा जास्त नाही. काढल्याची वेळ आणि फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ मागणीपत्रावर लिहायची असते. इथे दोन्ही रकाने कोरे होते.

शिवाय या गाठीत बायोप्सीच्या सुईचा मार्ग होता. जखम भरून येताना तिथे दाहाच्या पेशी जमतात आणि भराभर विभागतात. त्या नमुन्यात मिसळल्या तर पेशी विभाजनाची जनुकं चढलेली दिसतात आणि स्कोअर उगाच वाढतो. ऑपरेशनच्या नमुन्यावर केआय-६७ २८ यायलाही काही अंशी हेच कारण असावं, असं पॅथॉलॉजिस्टचं मत पडलं.

म्हणून कोअर बायोप्सीचा ब्लॉक निवडला. सुईने काढलेले तुकडे बारीक असतात, फॉर्मलिन त्यांत लगेच मुरतं, आणि जखमेचा प्रश्नच नसतो. चारही तुकड्यांत भरपूर गाठ होती. धोका एकच: ऊती कमी, ती चाचणीत संपून जाऊ शकते. त्यासाठी आधी दोन स्लाइड कापून इथेच राखून ठेवल्या आणि उरलेला ब्लॉक परत मिळावा असं मागणीपत्रावर लिहिलं.

आकाराची फेरमोजणी हा सगळ्यात नाजूक भाग होता. अहवाल यायच्या आधीच ती करून घ्यायची, असं बोर्डाने ठरवलं. स्कोअर कळल्यावर फेरमोजणी केली असती तर गाठ सोयीने लहान केल्याचा संशय राहिला असता, आणि तो रास्त ठरला असता. पॅथॉलॉजिस्टला फक्त एवढंच विचारलं की इन्व्हेसिव्ह भाग किती.

२.४ सेंमी हा आकडा नुसत्या डोळ्यांनी, कापलेल्या भागावर पट्टी ठेवून घेतलेला होता. त्या कडक भागात बायोप्सीचा व्रण आणि नलिकांच्या आत राहिलेला कर्करोगही धरला गेला होता. टीएनएम या आजाराचा टप्पा ठरवण्याच्या पद्धतीत टी (गाठीचा आकार) ठरवताना फक्त इन्व्हेसिव्ह भाग मोजतात. काप ५ मिमी जाडीचे होते आणि गाठीचा भाग लागोपाठ चार कापांत दिसत होता. सूक्ष्मदर्शकाखाली चौथ्या कापात इन्व्हेसिव्ह काहीच निघालं नाही, फक्त नलिकांच्या आतला आजार. उरले तीन काप, म्हणजे त्या दिशेने जास्तीत जास्त १५ मिमी. एकाच स्लाइडवरची सगळ्यात मोठी लांबी १७ मिमी भरली. नोंद बदलली: इन्व्हेसिव्ह आकार १.७ सेंमी. सोनोग्राफीच्या १.८ शी हे जुळत होतं. दुरुस्त अहवाल निघाला. टी-२ चा टी-१सी झाला आणि ग्रेड २ सह वैद्यकीय धोका कमी गटात आला.

निकाल आणि निर्णय

ऑपरेशनपासून ४१ व्या दिवशी अहवाल आला. स्कोअर १८. सोबतचे ईआर, पीआर आणि हर-२ चे स्वतंत्र आकडे बायोप्सीशी जुळत होते: पहिले दोन पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह. ही जुळणी दरवेळी पाहावी. ती चुकली तर ब्लॉक चुकीचा गेला किंवा नमुन्यात निरोगी ऊती फार मिसळली, हा पहिला संशय घ्यायचा असतो.

फाइलवरच्या दुसऱ्या ओळीत बसणारं प्रकरण: १६ ते २०, धोका कमी. केमो नाही.

बोर्डात एक मतभेद उरला होता आणि तो बिनबुडाचा नव्हता. शंभरात १.६ चा लाभ लहान असला तरी ४६ व्या वर्षी पुढे चाळीस वर्षं जगायचं आहे, तो का सोडावा? त्यावर बोर्डाचं उत्तर असं की त्या लाभाचा काही भाग तरी अंडाशय थांबल्याने आलेला असणार, आणि तो इंजेक्शनने, केमोविना मिळवता येतो. अमेरिकेत सुरू असलेला ऑफसेट हा अभ्यास नेमका हाच प्रश्न तपासतो आहे: अंडाशय थांबवून हॉर्मोन उपचार देत असताना केमोने भर पडते का. काखेत आजार नसेल तर त्या अभ्यासात १६ ते २० स्कोअरच्या स्त्रियांना वैद्यकीय धोका जास्त असेल तरच घेतात. कमी धोक्याच्या गटात केमोचा प्रश्न तिथल्या संशोधकांनाही तितका खुला वाटलेला नाही.

सुनंदाताईंसमोर आकडे टक्क्यांत न मांडता माणसांत मांडले: तुमच्यासारख्या शंभर जणींनी केमो घेतली तर नऊ वर्षांत एखाद-दुसरीचा फायदा होईल, बाकीच्या अठ्ठ्याण्णव जणी घेऊनही तिथेच राहतील, आणि त्यांतल्या काहींच्या बोटांचा बधिरपणा टिकून राहील. त्यांनी विचारलं, ‘आणि इंजेक्शनचं काय, त्याने बोटं धरतात का?’

हा प्रश्न पुढचा उपचार ठरवायला उपयोगी पडला. अंडाशय थांबवल्यावर सोबत एक्झेमेस्टेन (इस्ट्रोजेन तयार होऊ न देणारी गोळी) किंवा टॅमोक्सिफेन (स्तनाच्या पेशींवर इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी) असे दोन मार्ग असतात. सॉफ्ट अभ्यासात ८ वर्षांनी आजारमुक्त स्त्रिया नुसत्या टॅमोक्सिफेनवर ७८.९, टॅमोक्सिफेन आणि अंडाशय-दमनावर ८३.२, एक्झेमेस्टेन आणि अंडाशय-दमनावर ८५.९ टक्के होत्या. पण एक्झेमेस्टेनच्या गटातली औषधं सांधे आखडवतात, विशेषतः सकाळी बोटं. कमी धोक्याच्या गाठीत तो थोडा जास्तीचा लाभ, शिवणकामावर पोट असलेल्या बाईला बोटांच्या बदल्यात द्यायचा नाही असं ठरलं. टॅमोक्सिफेन २० मिग्रॅ रोज आणि गोसेरेलिन हे अंडाशय थांबवणारं इंजेक्शन ३.६ मिग्रॅ पोटाच्या त्वचेखाली दर २८ दिवसांनी. अंडाशय दुर्बिणीतून काढून टाकावेत म्हणजे महिन्याचा खर्च वाचेल, ही सूचना सासूबाईंची होती. ती बोर्डाने पुढे ढकलली: आधी इंजेक्शनवर शरीर कसं राहतं ते पाहायचं, कारण काढलेले अंडाशय परत बसवता येत नाहीत.

केमो नसल्याने रेडिएशन लगेच सुरू करता आलं.

पुढे काय झालं

पहिल्या वर्षी दोन अडचणी आल्या. अंगातून वाफा निघत असल्याने गावातल्या डॉक्टरांनी पॅरॉक्सेटिन लिहून दिलं. ते टॅमोक्सिफेनचं शरीरात सक्रिय रूपांतर करणारं सीवायपी-२डी-६ हे एन्झाइम अडवतं. मुलीने गोळीचा फोटो पाठवला म्हणून ते लक्षात आलं आणि व्हेन्लाफॅक्सिन दिलं. दुसरी अडचण लग्नसराईतली: कामाच्या गर्दीत एक इंजेक्शन ४१ व्या दिवशी घेतलं गेलं आणि पाळी आली. टॅमोक्सिफेनवर आलेला कोणताही रक्तस्राव ‘इंजेक्शन चुकलं म्हणून’ असं गृहीत न धरता गर्भाशयाची सोनोग्राफी केली, ती ठीक होती. त्यानंतर तारखा शिलाईच्या ऑर्डरवहीतच लिहायला सुरुवात झाली आणि इंजेक्शन तालुक्याच्या ठिकाणीच द्यायची सोय झाली.

दोन वर्षांनी आजाराचा मागमूस नाही, शिवणकाम चालू आहे. पण यावरून निर्णय बरोबर ठरला असं म्हणता येत नाही. हॉर्मोन-पॉझिटिव्ह कर्करोग उशिरा परततो. ६२,९२३ स्त्रियांच्या एकत्रित विश्लेषणात, पाच वर्षं हॉर्मोन उपचार पूर्ण करून आजारमुक्त राहिलेल्यांत, दोन सेंमीपर्यंतची गाठ आणि स्वच्छ काख असतानाही ५ व्या ते २० व्या वर्षांदरम्यान दूरच्या पुनरुद्भवाचं प्रमाण १३ टक्के दिसलं. निर्णय चांगला होता का हे त्या वेळी हातात असलेल्या माहितीवरून आणि तो घेण्याच्या पद्धतीवरून ठरवावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

रक्ताची आनुवंशिक तपासणी ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी होती. बीआरसीए दोष सापडला असता तर स्तन वाचवायचा की दोन्ही काढायचे हा प्रश्न उभा राहिला असता, आणि तो लुम्पेक्टॉमीनंतर विचारणं म्हणजे दुसरं ऑपरेशन.

ऑपरेशनची वाट पाहण्यात गेलेला काळ वाया गेला. जर्मनीतल्या अडॅप्ट अभ्यासात ऑपरेशनआधी सुमारे तीन आठवडे हॉर्मोन उपचार देऊन केआय-६७ पुन्हा मोजला. तो १० टक्के वा त्याखाली उतरला आणि स्कोअर २५ पर्यंत असला तर केमो टाळली. पाळी सुरू असलेल्या स्त्रीत नुसत्या टॅमोक्सिफेनने तो पुरेसा उतरत नाही, अंडाशयही थांबवावे लागतात, हे त्यासोबत लक्षात ठेवावं लागतं. तरीही गाठ औषधाला दाद देते का हे आधीच कळलं असतं तर १८ या आकड्यावर एवढा भार पडला नसता.

फॉर्मलिनची चूक दुरुस्त करता आली ती केवळ बायोप्सीचा ब्लॉक भरलेला होता म्हणून. तो अपुरा असता तर खराब नमुन्यावर केलेल्या चाचणीतून पीआर कमी आणि विभाजन जास्त निघून स्कोअर २१ च्या वर जाण्याची दाट शक्यता होती, आणि कुटुंबाने काही लाख भरून चुकीच्या आकड्यावर केमो घेतली असती. थिएटरमध्ये आधीच मोजून भरलेला फॉर्मलिनचा रुंद तोंडाचा डबा आणि दोन वेळा लिहायचं लेबल, एवढ्याने हे टळतं. शल्यविशारदांनी स्वतः भाग चिरू नये, कडांच्या शाईचा घोटाळा होतो; पण पॅथॉलॉजिस्टने एकदा शिकवल्यावर मागच्या बाजूने एक-दोन काप देता येतात.

अहवालात ‘गाठीचा आकार’ अशी एकच ओळ असू नये. डोळ्यांनी मोजलेला, सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेला इन्व्हेसिव्ह, आणि नलिकांतला धरून एकूण, असे तीन आकडे वेगळे लिहिले की दोन सेंटिमीटरच्या रेषेवरची गाठ कोणत्या बाजूला पडते ते पहिल्याच दिवशी कळतं. सोनोग्राफी आणि अंतिम अहवालात ५ मिमीहून जास्त फरक दिसला तर कॅन्सरतज्ज्ञाने फोन करून विचारावं. या प्रकरणात पहिला सल्ला देताना तो फरक कोणी विचारलाच नव्हता.

सुनंदाताईंचा उरलेला ब्लॉक परत आला आहे आणि राखलेल्या दोन स्लाइडसह प्रयोगशाळेत जपून ठेवला आहे. पाचव्या वर्षी हॉर्मोन उपचार पुढे चालू ठेवायचे का हा प्रश्न येईल, तेव्हा लागलं तर त्याच गाठीवर पुन्हा तपासणी करता येईल.